हाय-एंड डेस्कटॉप जोडताना आणि अपग्रेड करताना: तयारी, क्रम आणि त्याच त्या चुका

सगळे भाग नवेकोरे, पंखे फिरतायत, दिवे लागलेत, पण स्क्रीन काळी. स्वतः कॉम्प्युटर जोडणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा कुठलाच भाग खराब नसतो. रॅम अर्धवट बसलेली असते, प्रोसेसरची पॉवर केबल जोडायची राहिलेली असते, किंवा मदरबोर्डचा बायोस (बोर्ड सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) त्या प्रोसेसरच्या आधीचा असतो. हे कळतं मात्र सगळं कॅबिनेटमध्ये घट्ट बसवून झाल्यावर, आणि मग एका चुकीपायी सगळं पुन्हा उघडावं लागतं. खालचा क्रम असा लावलाय, की चूक ज्या टप्प्यावर होईल त्याच टप्प्यावर सापडावी.

## १. खरेदीआधी जुळणी तपासा

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा. पैसे भरण्याआधी मदरबोर्डचं मॅन्युअल उत्पादकाच्या वेबसाइटवरून उतरवून घ्या आणि पुढच्या गोष्टी एका कागदावर लिहून काढा.

सॉकेट आणि रॅम. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची खोबण) फक्त डीडीआर५ रॅम चालते, इंटेलच्या एलजीए १८५१ वरही तसंच. एलजीए १७०० वर लोक फसतात. बारावी ते चौदावी पिढी या एकाच सॉकेटमध्ये बसते, पण काही बोर्ड डीडीआर४ चे आहेत आणि काही डीडीआर५ चे, आणि दोघांच्या नावात कधीकधी फक्त शेवटच्या एक-दोन अक्षरांचा फरक असतो. दोन्ही प्रकारच्या रॅमला पिना २८८ च, पण खाच वेगळ्या जागी. त्यामुळे एक दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही.

बायोस. सॉकेट जुळलं म्हणजे प्रोसेसर चालू होईलच असं नाही. एएम५ चे पहिले बोर्ड २०२२ मध्ये आले, एएमडीची रायझन ९००० प्रोसेसर मालिका २०२४ मध्ये. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या बोर्डवर नवा प्रोसेसर लावला, तर तो ओळखलाच जात नाही. उत्पादकाच्या यादीत तुमच्या प्रोसेसरपुढे किमान बायोस आवृत्ती दिलेली असते, ती लिहून घ्या. प्रोसेसर न लावता पेन ड्राइव्हवरून बायोस बदलण्याचं फ्लॅशबॅक बटण असलेला बोर्ड घेणं माझ्या मते थोडे जास्त पैसे मोजूनही परवडतं.

पॉवर. ग्राफिक्स कार्डाचा उत्पादक किती वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) सुचवतो ते पाहा. आरटीएक्स ४०९० कार्डाचा वीजवापर ४५० वॅट आणि शिफारस ८५० वॅटची. आरटीएक्स ५०९० ला हेच आकडे ५७५ आणि १००० आहेत. केवळ वॅट पाहून थांबू नका, कनेक्टरही मोजा. पीसीआयई स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, ८ पिनच्या एका कनेक्टरमधून १५०, आणि नव्या १२व्ही-२×६ कनेक्टरमधून ६०० पर्यंत. '८० प्लस गोल्ड' हा शिक्का फक्त किती वीज वाया जाते एवढंच सांगतो. आतल्या बांधणीच्या दर्जाची हमी त्यातून मिळत नाही.

जागा. तीन मापं जुळवा: कार्डाची लांबी व जाडी, एअर कूलरची उंची, आणि लिक्विड कूलरचा रेडिएटर वरच्या बाजूला लावणार असाल तर त्याच्याखाली राहणारी रॅमची उंची. समोर पंखे किंवा रेडिएटर बसवले की कॅबिनेटच्या माहितीपत्रकात दिलेली कार्डाची कमाल लांबी तेवढी कमी होते. हे वजा करायचं हमखास राहून जातं.

स्लॉटची वाटणी. बऱ्याच बोर्डांवर एखादा एम.२ स्लॉट (बोर्डावर थेट बसणाऱ्या एसएसडीचा) वापरला, की दोन साटा पोर्ट (केबलने जोडायच्या डिस्कचे) बंद पडतात किंवा ग्राफिक्स स्लॉटच्या निम्म्या लेन, म्हणजे डेटाचे मार्ग, जातात. मॅन्युअलमध्ये हे छोट्या अक्षरांत, तक्त्याखाली दिलेलं असतं. 'नवी एसएसडी लावली आणि जुनी डिस्क दिसेनाशी झाली' याचं कारण बहुधा तिथेच सापडतं.

> तपासा: सॉकेट, रॅमचा प्रकार, किमान बायोस, पॉवर कनेक्टर, तीन मापं, स्लॉटची वाटणी. यातलं एकही कोडं सुटायचं असेल तर खरेदी थांबवा.

## २. जागा आणि साहित्य

चांगला उजेड असलेलं मोठं टेबल, चुंबकी टोकाचा दोन नंबरचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, एम.२ च्या बारीक स्क्रूसाठी एक छोटा, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापड आणि स्क्रूंसाठी वाट्या. एवढं पुरतं. गालिच्यावर उभं राहून काम करू नका. स्थिर विजेसाठी मनगटी पट्टा असेल तर उत्तम. नसेल तर एसएमपीएसची पिन अर्थिंग असलेल्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावा, त्याचं स्वतःचं बटण बंद ठेवा आणि भाग हातात घेण्याआधी त्याच्या धातूच्या खोक्याला हात लावत जा.

मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. तो ज्या चकचकीत पिशवीतून आला तिच्यावर ठेवून चालू करू नका. तिचा थर वीज वाहू शकतो.

## ३. प्रोसेसर

एएम५ आणि इंटेलच्या सध्याच्या सॉकेटमध्ये पिना मदरबोर्डवर असतात, प्रोसेसरवर नाहीत. केसासारख्या बारीक असलेल्या या पिनांपैकी एक जरी वाकली, तरी रॅमचा एखादा चॅनल (प्रोसेसर आणि रॅममधला मार्ग) गायब होतो किंवा बोर्ड चालूच होत नाही.

लिव्हर बाजूला ओढून वर करा, धातूची चौकट उघडा. वरचं काळं प्लास्टिकचं झाकण अजिबात काढू नका. प्रोसेसर कडांनी धरा, त्याच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा, कडेच्या खाचा जुळल्यात ना ते पाहा आणि सरळ खाली ठेवून सोडा. दाबायचं नाही, सरकवायचं तर मुळीच नाही. तो बरोबर बसला असेल तर हलकेच बोट लावल्यावर डुलत नाही.

आता चौकट खाली आणून लिव्हर दाबा. इथे अनेकांचा हात थांबतो, कारण लिव्हर चांगलीच जड लागते आणि करकरल्यासारखा आवाज येतो. प्रोसेसर नीट बसल्याची खात्री केली असेल तर हे अपेक्षितच आहे. काळं झाकण दाबाने आपोआप उडून बाहेर येतं. ते जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीसाठी पाठवायचा झाला तर लागतं.

> सावधान: प्रोसेसर सॉकेटवर हातातून सुटून पडला, तर लिव्हर लावू नका. प्रोसेसर उचला आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून पिनांच्या ओळी बघा. सरळ ओळीत एखादा ठिपका वेगळा चमकत असेल तर तिथे पिन वाकली आहे.

## ४. रॅम आणि एम.२

चार स्लॉटच्या बोर्डावर दोन रॅम लावायच्या असतील, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पहिल्या दोन शेजारच्या स्लॉटमध्ये लावल्या की सहसा दोन्ही एकाच चॅनलवर जातात आणि वेग पडतो. मॅन्युअल उघडून खात्री करा, त्यात ए२ आणि बी२ अशी नावं दिसतील. खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्याने एकेक करून दाबा. खटका वाजला पाहिजे. काही बोर्डांवर खटका एकाच बाजूला हलतो आणि दुसरी बाजू स्थिर असते. तिथे स्थिर बाजूचं टोक वर राहिलेलं चटकन लक्षात येत नाही. बोर्डाच्या पातळीवर डोळे आणून पाहा: रॅमची खालची कड स्लॉटला समांतर दिसली पाहिजे.

डीडीआर५ मध्ये चार रॅम लावण्याचा मोह टाळा. रायझन ७००० साठी एएमडीने दोन रॅमना ५२००, तर चार रॅमना ३६०० मेगाट्रान्सफर प्रति सेकंद हा अधिकृत वेग दिलाय. ६४ जीबी हवी असेल तर ३२ च्या दोन घ्या, आणि त्याही एकाच संचातल्या.

एम.२ एसएसडी साधारण तीस अंशांच्या कोनात आत सरकवा, मग खाली दाबून स्क्रू लावा. ऑपरेटिंग सिस्टिमची एसएसडी प्रोसेसरला सगळ्यात जवळच्या स्लॉटमध्ये लावा, कारण तो सहसा थेट प्रोसेसरशी जोडलेला असतो. हीटसिंकच्या खालच्या पॅडवरची पारदर्शक फिल्म काढली का? ती तशीच राहिली तर हीटसिंक असून नसल्यासारखा.

## ५. कूलर

आधी थर्मल पेस्टशिवाय (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) कूलर एकदा नुसता धरून बघा: कुठल्या बाजूने बसतो, पंख्याची केबल कुठे पोहोचते, रॅमला अडतो का. मग तळाची फिल्म काढा. ती पूर्ण पारदर्शक असते आणि तांब्यावर दिसतही नाही, म्हणून नखाने कोपरा उचलूनच खात्री करा.

पेस्ट वाटाण्याएवढी, मधोमध. मोठ्या प्रोसेसरवर त्याशिवाय चार कोपऱ्यांकडे चार बारीक ठिपके. कूलरला आधीच पेस्ट लावून आली असेल तर आणखी लावू नका. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने, दोन-दोन फेरे देत आवळा. एकच बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे वळलात, तर दाब असमान पडतो.

एआयओ लिक्विड कूलर (पंप, नळ्या आणि रेडिएटर एकत्र जोडून आलेला) असेल तर दोन गोष्टी. पंप हा पूर्ण वर्तुळातला सर्वात उंच भाग असता कामा नये, कारण हवेचा बुडबुडा उंच जागी जमतो. रेडिएटर वर लावा, किंवा समोर लावायचा तर नळ्या खालच्या बाजूला ठेवा. शिवाय पंपाची केबल बोर्डावरच्या पंपाच्या हेडरला (पिनांच्या जोडणीला) जोडून बायोसमध्ये त्याचा वेग कायम पूर्ण ठेवा.

## ६. कॅबिनेटबाहेर पहिली चाचणी

हाच टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि मी सगळ्यात जास्त आग्रह धरतो तो याच टप्प्याचा.

खोक्यावर ठेवलेल्या बोर्डाला २४ पिनची मुख्य केबल आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातली प्रोसेसरची ८ पिनची केबल जोडा. प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स असेल तर मॉनिटर बोर्डालाच लावा. इंटेलच्या नावात 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये आणि रायझन ५००० च्या 'जी' नसलेल्या मॉडेलमध्ये ते नसतं. तिथे ग्राफिक्स कार्ड लावूनच चाचणी घ्यावी लागते. मॅन्युअलमध्ये पॉवर स्विचच्या दोन पिना शोधा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना टेकवा.

एएम५ आणि डीडीआर५ असेल तर आता धीर धरा. पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमची जुळणी करून घेतो. त्याला काही मिनिटं लागतात, रॅम जास्त असेल तर आणखी वेळ. या वेळात स्क्रीन काळीच राहते. घाबरून पॉवर काढली, की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे दिवे असतात. ज्यावर अडलं तोच दिवा लागून राहतो:

- सीपीयू: ८ पिनची केबल, बायोस आवृत्ती, सॉकेटच्या पिना, याच क्रमाने तपासा.
- डीरॅम: दहा-पंधरा मिनिटांनंतरही अडलेलं असेल तर एकच रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा.
- व्हीजीए: कार्ड किंवा त्याची पॉवर केबल पूर्ण बसलेली नाही.
- बूट: एसएसडी रिकामी असेल तर हा दिवा लागणारच. काळजी नको.

> तपासा: बायोसच्या पडद्यावर प्रोसेसरचं नाव, रॅमचा पूर्ण आकडा आणि एसएसडी, तिन्ही दिसतायत का? दिसल्याशिवाय बोर्ड कॅबिनेटमध्ये घालू नका. बायोस जुना असेल तर अद्ययावत करायलाही हीच वेळ बरी.

## ७. कॅबिनेटमध्ये बसवणं

बोर्डाला जिथे भोक, तिथेच स्टँडऑफ (बोर्डाखालचे छोटे धातूचे टेकू). जास्तीचा एखादा स्टँडऑफ बोर्डाच्या पाठीला टेकला तर शॉर्ट होतो. मागची आय/ओ पट्टी (पोर्टांभोवतीची धातूची) सुटी असेल तर ती आधी लावा, ही विसरली की अख्खा बोर्ड पुन्हा बाहेर. प्रोसेसरची पॉवर केबलही बोर्ड बसवतानाच मागून वर ओढून घ्या. वर रेडिएटर बसला की त्या कोपऱ्यात बोट जात नाही.

पंख्यांची दिशा चुकण्याचं प्रमाण फार आहे. चौकटीच्या आडव्या काड्या ज्या बाजूला दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. समोरून आणि खालून आत, मागून आणि वरून बाहेर.

समोरच्या पॅनेलच्या बारीक वायरींमध्ये पॉवर आणि रीसेट स्विचला उलटसुलट चालतं, एलईडीला अधिक-उणे पाळावं लागतं. यूएसबी ३ चा जाड १९ पिनचा कनेक्टर सरळच दाबा, कारण त्याच्या पिना तिरप्या दाबाने वाकतात.

> सावधान: प्रोसेसरची ८ पिन आणि ग्राफिक्स कार्डाची ८ पिन दिसायला जवळपास सारख्या, पण त्यांतली अधिक-उणेची मांडणी उलटी असते. कनेक्टर सहज जात नसेल तर जोर लावू नका, केबलवरचं नाव वाचा. तसंच ३ पिनच्या ५ व्होल्ट एआरजीबी (रंगीत दिव्यांच्या) पट्टीला १२ व्होल्टच्या ४ पिनी हेडरवर लावलं, तर तिचे दिवे जळतात.

## ८. ग्राफिक्स कार्ड

सगळ्यात वरच्या पूर्ण लांबीच्या स्लॉटमध्ये, खटका वाजेपर्यंत. मग मागचे स्क्रू. जड कार्डाला आधाराचा दांडा द्या. जास्त वीज खाणाऱ्या कार्डाला ८ पिनचे दोन-तीन कनेक्टर असतील, तर प्रत्येकाला एसएमपीएसपासून स्वतंत्र केबल द्या. एकाच केबलला फुटलेलं दुसरं तोंड वापरू नका.

१२व्ही-२×६ किंवा त्याआधीच्या १२व्हीएचपीडब्ल्यूआर कनेक्टरबाबत एक मिनिट जास्त घालवा. तो पूर्ण आत गेल्याचा आवाज कधी येतो, कधी येत नाही, म्हणून आवाजावर विसंबू नका. टॉर्च लावून बाजूने बघा: प्लग आणि कार्डाचं तोंड यांच्यामध्ये फट दिसता कामा नये, वरची अडकण दातावर चढलेली असली पाहिजे, आणि हलक्या ओढीने तो मागे येता कामा नये. कनेक्टरपासून साधारण ३५ मिलीमीटरपर्यंत केबल सरळ ठेवा. कॅबिनेटची काच लावताना केबल दबते का हेही बघा. अर्धवट बसलेल्या या कनेक्टरमुळे प्लास्टिक वितळल्याची उदाहरणं आहेत. त्यात महागडं कार्डच जातं.

मॉनिटरची केबल आता कार्डाला. बोर्डाला राहिली, तर सगळा खर्च करूनही गेम अंगच्या साध्या ग्राफिक्सवर चालेल.

## ९. बायोस आणि ऑपरेटिंग सिस्टिम

रॅमवर ६००० लिहिलेलं असलं, तरी ती आपोआप ६००० वर चालत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल (रॅमचा छापील वेग लावणारी सेटिंग) सुरू करेपर्यंत ती ४८०० सारख्या मूळ वेगावरच राहते. सोबत रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी वापरू देणारी सोय) सुरू असल्याची खात्री करा. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) लागतं, एएमडीवर त्याचं नाव एफटीपीएम आणि इंटेलवर पीटीटी.

बायोस नवा ठेवण्याला दोन ठोस कारणं आहेत. २०२३ मध्ये रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारींनंतर एएमडीने एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांच्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा बायोसमधूनच घातली. आणि इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या अस्थिरतेवर उपाय करणारा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या मूळ सूचना) २०२४ मध्ये बायोसमधूनच आला. आधीच झालेली झीज तो भरून काढत नाही, म्हणून असा प्रोसेसर वापरायला घेण्याआधीच बायोस बदला.

विंडोज टाकताना बाकीच्या सगळ्या डिस्क काढून ठेवा. नाहीतर बूटची फाइल भलत्याच डिस्कवर जाते, आणि ती डिस्क पुढे काढली की सिस्टिम सुरू होत नाही. शेवटी डिस्प्ले सेटिंगमध्ये रीफ्रेश रेट स्वतः निवडा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर बरेचदा ६० वरच पडून असतो.

## १०. ताण देऊन चाचणी

आधी मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं साधन), पूर्ण चार फेऱ्या. एकही चूक दिसली तर ती 'थोडीशी' समजू नका. प्रोफाइलचा वेग एक पायरी खाली आणून पुन्हा चालवा. मग सिनेबेंचची (प्रोसेसरवर ताण देणारी चाचणी) अर्धा तासाची फेरी, बाजूला तापमान दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो उघडून. रायझन ७००० च्या एक्स मॉडेलांची तापमानाची मर्यादा ९५ अंश आहे आणि पूर्ण ताणाखाली ती तिथे जाणं हे त्यांच्या रचनेतच आहे. ७८००एक्स३डी ची मर्यादा ८९. पण ताण सुरू होताच दोन-तीन सेकंदांत काटा मर्यादेला भिडत असेल, तर फिल्म राहिली आहे, कूलर सैल आहे किंवा पंप बंद आहे.

## ११. अपग्रेड करताना

काय बदलायचं हे आधी मोजून ठरवा. खेळताना कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड कमी पडतंय. कार्ड ६० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि वेगही हवा तेवढा नसेल, तर अडचण प्रोसेसरची. आणि एका वेळी एकच भाग बदला, नाहीतर बिघाड कुणामुळे झाला ते कळायचं नाही.

प्रोसेसर बदलताना जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करा. त्याहीआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) सुरू आहे का ते बघा आणि त्याची रिकव्हरी की दुसऱ्या ठिकाणी लिहून ठेवा. एएमडीवर नवा प्रोसेसर लावल्यावर काळ्या पडद्यावर एफटीपीएम रीसेट करण्यासाठी 'वाय' किंवा 'एन' दाबा असा प्रश्न येतो. रिकव्हरी की हाताशी नसताना 'वाय' दाबलं, तर ड्राइव्ह उघडत नाही. एएम४ वर पिना प्रोसेसरला असतात. म्हणून कूलर काढण्याआधी कॉम्प्युटर थोडा वेळ ताणाखाली चालवून पेस्ट गरम करा, मग बंद करून, प्लग काढून कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळत उचला. सरळ वर ओढलात तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो.

मदरबोर्ड बदलताना विंडोजचा परवाना आधी मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून घ्या. ओईएम (कॉम्प्युटरसोबतच आलेला) परवाना मात्र नव्या बोर्डावर जात नाही.

ग्राफिक्स कार्ड बदलताना, विशेषतः एका कंपनीकडून दुसरीकडे जाताना, जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणारा प्रोग्रॅम) पुसा आणि मग कार्ड काढा.

एसएमपीएस बदलताना जुन्या केबल जागेवर ठेवून फक्त खोकं बदलू नका, मॉड्युलर असला तरीही नाही. एसएमपीएसच्या बाजूच्या टोकाला पिनांची मांडणी ठरवणारं कुठलंही सामाईक मानक नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ती वेगळी असू शकते. कनेक्टर अगदी सहज बसतो आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन साटा डिस्क क्षणात जळतात, त्यावरच्या डेटासकट. सगळ्या केबल नव्या संचातल्याच ओढा. जुन्या केबल जुन्या एसएमपीएससोबत एकाच पिशवीत बांधा आणि पिशवीवर मॉडेल क्रमांक लिहा.